खोटं पाखरू

मॅगझिनच्या मराठी विभागाच्या संपादकांचा मेल आला. "सर, अमेरिकेतल्या करिअरविषयी लिहा. ज्युनिअर्सना मार्गदर्शन होईल." मेल वाचून मला हसू आलं. ज्याला एम-थ्री तिसऱ्या अटेम्प्टला सुटला, त्याने मार्गदर्शन काय करायचं! करिअरचं सगळं आता तुम्हाला मोबाईलवर मिळतं. त्यापेक्षा मी एका प्लास्टिकच्या पक्ष्याबद्दल लिहितो. विषय विचित्र वाटेल, पण हॉस्टेलवर राहणाऱ्याला तो शेवटी बरोबर कळेल.

एम. एस. झाल्यावर मला विस्कॉन्सिन राज्यातल्या ला क्रॉस या गावी नोकरी लागली. गाव मिसिसिपी नदीच्या काठावर. गावात भाडं परवडेना, म्हणून दक्षिणेला व्हर्नन काउंटीत एका शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. चहूकडे टेकड्या, मधल्या दऱ्यांत मक्याची शेतं, उतारावर ओकचं रान. घरमालक तेव्हा साठीच्या जवळ आलेले. पूर्वी दुधाचा धंदा होता, पुढे गाई विकल्या. बोलणं मोजकं. पहिले दोन महिने आमचं संभाषण "बर्फ पडेल" आणि "बर्फ पडला" यापलीकडे गेलं नाही.

एकदा त्यांच्या गोठ्यात शिडी आणायला गेलो आणि दचकलो. कोपऱ्यात तीन मोठे पक्षी उभे! हलेनात, डुलेनात. जवळ जाऊन पाहिलं तर प्लास्टिकचे. हे डिकॉय, म्हणजे रानटर्कीच्या शिकारीसाठीचे खोटे पक्षी.

आपल्याकडे शेतात बुजगावणं उभं करतात ते पाखरं पळून जावीत म्हणून. इथे खोटं पाखरू उभं करतात ते खरं पाखरू जवळ यावं म्हणून. कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही म्हणा. माझे आजोबा सांगायचे, पूर्वी पारधी पिंजऱ्यातला पाळीव तित्तर रानात ठेवायचे. त्याच्या आवाजावर रानातले तित्तर भांडायला यायचे आणि फाशात अडकायचे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते सगळं बंद झालं. अमेरिकेत मात्र टर्कीची शिकार परवाना काढून, ठरलेल्या आठवड्यात, ठरलेल्या संख्येत आजही होते.

मी घरमालकांना विचारलं, "दुकानात टर्की मिळते की. मग पहाटे उठून ही यातायात कशाला?" ते म्हणाले, "आधी या पक्ष्याची गोष्ट ऐक." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो, म्हणून तिथेच बादली पालथी घालून बसलो.

गोष्ट अशी. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विस्कॉन्सिनमधून रानटर्की 1881 पर्यंत पूर्ण नाहीशी झाली. पुढे फार्ममध्ये वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, पण ते काही टिकले नाहीत. शेवटी 1976 साली मिसूरी राज्याशी अदलाबदल ठरली. विस्कॉन्सिनने ग्राउज नावाचे रानपक्षी दिले आणि मिसूरीने रानात पकडलेल्या टर्की दिल्या. पहिल्या खेपेला आल्या 29. त्या सोडल्या याच व्हर्नन काउंटीत. घरमालक तेव्हा विशीत होते. वर्षभराने त्यांनी स्वतःच्या शेताच्या बांधावर पहिली टर्की पाहिली. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी जन्मात पाहिली नव्हती. वडील दूध काढायचं सोडून बाहेर आले आणि डोक्यावरची टोपी काढून बघत राहिले.

1983 मध्ये पहिला हंगाम झाला. परवाने 1200 आणि मिळालेले पक्षी फक्त 182. आज अलास्का सोडून अमेरिकेच्या 49 राज्यांत रानटर्की आहे. यात पैसा कुठून आला हेही मला तिथेच कळलं. 1937 च्या एका कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राज्यांना द्यायचं ठरलं. म्हणजे मारणाऱ्याच्याच खिशातून जगवण्याचा खर्च. पटो न पटो, हिशोब चोख आहे.

आता डिकॉयचं इंजिनिअरिंग. (शेवटी कॉलेजचं मॅगझिन आहे, थोडी थिअरी हवीच.)

वसंत ऋतूत टर्कीचा नर पिसारा फुलवून एका जागी उभा राहतो आणि ओरडतो. मादी त्याच्याकडे चालत जाते, हा निसर्गनियम. शिकारी नेमकं याच्या उलट घडवून आणू पाहतो. तो मादीचा आवाज काढतो आणि नराने यावं अशी अपेक्षा करतो. घरमालकांकडे त्यासाठी लाकडाची एक छोटी डबी होती. झाकणाला खडू लावून ते डबीच्या काठावर घासलं, की हुबेहूब मादीची हाक. नर आवाजाच्या दिशेने येतो, पण चाळीस-पन्नास यार्डांवर थांबतो आणि बघतो. हाक आली, मग हाक देणारी कुठाय? दिसली नाही तर निघून जातो. त्या क्षणासाठी डिकॉय.

टर्कीचं नाक यथातथाच, पण नजर विलक्षण. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता 270 अंशांच्या आसपास दिसतं, शिवाय रंगही उत्तम कळतात. इतकी तीक्ष्ण नजर असलेला पक्षी प्लास्टिकला फसतो कसा? मी जरा वाचलं, तेव्हा एक गंमतशीर प्रयोग सापडला. 1950 च्या दशकात पेनसिल्व्हेनियात शाइन आणि हेल या दोन संशोधकांनी नर टर्कीसमोर मादीचं मॉडेल ठेवलं. नर लगेच नाचायला लागला. मग ते एकेक अवयव काढत गेले. शेपूट काढली, पाय काढले, पंख काढले, शेवटी धडच काढलं. काठीवर नुसतं डोकं उरलं, तरी नराचा नाच चालूच! म्हणजे पक्षी पूर्ण चित्र तपासतच नाही. ठरावीक सिग्नल मिळाला की उरलेलं तो स्वतःच भरून घेतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मांडणीचेही नियम आहेत. मादीचा डिकॉय वीस यार्डांच्या आसपास ठेवायचा. तिच्या बाजूला 'जेक', म्हणजे वर्षभराचा कोवळा नर. थोराड नर मादीपाशी हा पोरगा पाहून चिडतो आणि त्याला दम द्यायला येतो. जेकचं तोंड शिकाऱ्याकडे ठेवायचं. कारण मोठा नर त्याच्या तोंडासमोर येऊन उभा राहतो, म्हणजेच शिकाऱ्याकडे पाठ करतो आणि त्याचाच पिसारा त्याची नजर अडवतो. पूर्ण फुललेल्या मोठ्या नराचा डिकॉयही मिळतो, पण तो पाहून दुबळे नर मार खाण्याच्या भीतीने पळतात. डिकॉय काठीवर सैल बसवायचा, वाऱ्याने जरासा हलला पाहिजे. दगडासारखा स्थिर पक्षी पाहून खऱ्याला संशय येतो.

2014 च्या एप्रिलअखेर घरमालकांच्या परवान्याचा आठवडा आला. "येतोस? बंदूक नाही, नुसतं बसायचं." मी हो म्हटलं. पहाटे पावणेचारला तयार होऊन खाली आलो तर त्यांनी मला दारातच अडवलं. माझ्या गळ्याला आईने विणलेला मफलर होता, लाल आणि पांढरा.

"हा काढ."

"थंडी आहे हो."

"टर्कीच्या नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. झुडपाआडून तुझा गळा कुणाला काय दिसेल?"

मफलर मुकाट्याने काढून ठेवला. मग पायवाटेने जाताना बाकीचे नियम कळले. डिकॉय हातात उघडा न्यायचा नाही, पिशवीत न्यायचा, त्याचं डोकंही बाहेर दिसता कामा नये. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसायचं, म्हणजे मागून सुरक्षित. डिकॉयच्या पलीकडचंही लांबवर दिसेल अशी जागा घ्यायची. आणि दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवायचा नाही, उभं राहायचं नाही, टर्कीचा आवाज तर मुळीच काढायचा नाही. बसल्या जागेवरून माणसाच्या आवाजात मोठ्याने ओरडायचं. मला वाटलं, म्हाताऱ्याचा अतिशहाणपणा. जमीन त्यांची स्वतःची, इथे कोण येतंय?

रानाच्या कडेला मादी आणि जेक रोवून आम्ही एका जुन्या ओकला टेकून बसलो. गवतावर दहिवर गोठलं होतं. पूर्वेला जरा फटफटलं आणि दरीतल्या झाडावरून पहिली आरोळी आली. टर्की रात्री झाडावर झोपतात. तो आवाज कागदावर लिहिता येत नाही. पोटात घुमतो. घरमालकांनी डबी दोनदाच घासली आणि खाली ठेवली. वरून उत्तर आलं. मग शांतता. अर्धा तास, पाऊण तास. माझे पाय बधिर झाले. व्हायव्हाच्या वेळी बाहेर बाकावर बसतो ना, अगदी तसं.

आणि तो आला. उजवीकडच्या उतारावरून, पिसारा उभारून, पंखांची टोकं जमिनीला घासत. उन्हाची पहिली तिरीप त्याच्यावर पडली तेव्हा मला कळलं की काळा म्हणतात तो रंग काळा नाहीच. त्यात तांबं होतं, हिरवं होतं. छातीवरून केसांसारखी दाढी लोंबत होती. (तीही पिसंच असतात.) चाळीस यार्डांवर तो थांबला आणि आमच्या प्लास्टिकच्या पोराकडे टक लावून बघू लागला. डोकं पांढरंफटक झालं, मग लाल. मी श्वास धरला. घरमालकांची बंदूक गुडघ्यावर तशीच होती. अजून लांब होता तो.

एकाएकी त्याचा पिसारा मिटला. मान ताठ. एक तुटक आवाज करून तो वळला आणि झाडीत पळाला. माझा अंदाज, मी हललो असेन. मी सॉरी म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात घरमालकांचा हात माझ्या छातीवर आला आणि ते ओरडले, "थांब! इथे माणसं आहेत!"

डिकॉयच्या पलीकडे झुडपात एक माणूस ओणवा होता. अंगावर पानापानांचे कपडे, तोंडावर जाळी. त्याच्या बंदुकीची नळी आमच्या जेककडे रोखलेली. आणि जेकच्या मागे, थेट त्याच रेषेत, आम्ही दोघं. काडतुसातून शेकडो छर्रे सुटतात. जेकला लागून सगळे तिथेच थांबत नाहीत.

नळी खाली गेली. तो माणूस उभा राहिला, जाळी काढली. तिशीचा असेल, माझ्याच वयाचा. शेजारच्या शेतावर पाहुणा आला होता. मादीची हाक ऐकली, हाकेच्या मागे सरपटत आला, मध्ये कुंपण केव्हा ओलांडलं त्याला कळलंही नव्हतं. मग झुडपातून लाल डोकं दिसलं. काठीवरचं डोकं. उरलेलं त्याने स्वतःच भरून घेतलं. तो जमिनीवर बसला आणि त्याचे हात इतके थरथरायला लागले, की बंदुकीतली काडतुसं घरमालकांनी काढली.

मला वाटलं होतं, आता त्याला शिव्या पडणार. घरमालक नुसतं म्हणाले, "पुढच्या वेळी दाढी दिसेपर्यंत थांब." मग डिकॉय उपटून पिशवीत घातले आणि आम्ही घरी निघालो. वाटेत फक्त एकदा बोलले. "हाक मी टर्कीला मारली होती. ऐकली त्याने."

स्वयंपाकघरात बसून कॉफी पिताना मला हॉस्टेलची खोली आठवत होती. तेव्हा मी त्यांना जे सांगितलं, तेच आता तुम्हाला सांगतो.

2001 साल. आम्ही एस. ई. ला. रेक्टर सर रात्री सव्वादहाला राउंड मारायचे. टॉर्च घेऊन, प्रत्येक खोलीत. लास्ट शो साडेनऊचा. यावर उपाय आमच्या विंगने शोधलेला होता आणि तुमच्या विंगनेही शोधला असेलच. कॉटवर दोन उश्या लांबीत, वर पांघरूण. माझी त्यात खास सुधारणा होती. टॉवेलची गुंडाळी करून तिला माकडटोपी घालायची आणि पांघरुणाबाहेर थोडीशी काढायची. शाइन आणि हेल यांचं नाव मी तेव्हा ऐकलं नव्हतं, पण डोकं महत्त्वाचं हे मला आपोआप कळलं होतं. कॉटखाली चपला. वर्षभर एकदाही पकडलो गेलो नाही.

जानेवारीतल्या एका रात्री मी पिक्चरला गेलो. पावणेदहाला रेक्टरच्या ऑफिसात गावाहून फोन आला. आजोबांची तब्येत बरी नाही, पोराला उद्या सकाळी पाठवा. तेच आजोबा, तित्तराची गोष्ट सांगणारे. सर सव्वादहाला खोलीत आले. टॉर्च फिरवला. माझ्या रूमपार्टनरने ठरल्याप्रमाणे सांगितलं, "आत्ताच झोपलाय सर, कणकण आहे त्याला." सर हळूच म्हणाले, "असू दे, उठवू नकोस." त्यांनी खिडकी लावून घेतली, टोपीला वारा लागू नये म्हणून. आणि पाय न वाजवता गेले. पहिली एस. टी. साडेपाचची. पाचला येऊन मला उठवायचं त्यांनी ठरवलं होतं.

पाचला ते आले आणि त्यांनी उशीला हात लावून हलवलं.

मी त्या वेळी गावात मित्राच्या खोलीवर झोपलो होतो. शो उशिरा सुटला, थंडी होती, म्हटलं सकाळी जाऊ. नऊला परतलो. पुढची गाडी दहाची, प्रवास सात तासांचा, त्यात घाटात ट्रॅफिक. आजोबा दुपारी दोनला गेले. सकाळी शुद्धीवर होते म्हणे. मी सातला पोहोचलो. दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून मंडळी थांबली नव्हती. मातीलाही मी नव्हतो.

साडेपाचच्या गाडीने निघालो असतो तर साडेबाराला घरी असतो. आणि त्या रात्री कॉट रिकामी दिसली असती, तर सरांनी रूमपार्टनरला उभं केलं असतं, वॉचमनला सायकलवर टॉकीजला पाठवलं असतं. ओरडा खाल्ला असता, पण गाडी मिळाली असती. उशीने काम चोख केलं. कडक रेक्टरला फसवायला ठेवली होती. त्या रात्री आला तो मात्र एका आजारी पोराची झोप मोडू नये म्हणून पाय न वाजवता चालणारा माणूस होता. उशीला फरक कळत नाही.

सरांनी रिपोर्ट केला नाही. दंड नाही, घरी पत्र नाही. उलट त्या सकाळी एस. टी. च्या भाड्याला त्यांनीच पैसे दिले. मी ते परत केले, पण विषय कधी काढला नाही. बी. ई. च्या सेंडऑफला त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "त्या रात्री मी पांघरूण बाजूला करून बघायला हवं होतं रे. अजून वाटतं." मी मान खाली घालून उभा राहिलो. एक शब्द बोललो नाही. निरोपाचा फोटो निघायचा होता, कुणीतरी हाक मारली, गेलो.

घरमालकांनी सगळं ऐकून घेतलं. सांत्वन वगैरे त्यांना जमत नाही. एकच विचारलं, "त्यांना सांगितलंस? चूक त्यांची नव्हती म्हणून?"

नव्हतं सांगितलं. त्यानंतरही सांगितलं नाही. फोन नंबर मिळवला होता, पण एवढ्या वर्षांनी काय बोलायचं, या संकोचात राहून गेलं. सर आता निवृत्त झालेत. कॉलेज मॅगझिनचा अंक निवृत्त स्टाफलाही पोस्टाने जातो, असं संपादकांनी मेलमध्ये लिहिलंय. म्हणून तर हा लेख.

सर, चूक तुमची नव्हती. झोपलेल्या पोराला कोण उठवतो?

बाकी मित्रहो, त्या सकाळनंतर घरमालकांनी डिकॉय वापरणं सोडलं नाही. मलाही तसं वाटलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा रानात गेले. फक्त जेक गोठ्यातच ठेवला, मादी तेवढी नेली. आणि ज्या झाडाला टेकून बसायचे, त्याच्या बुंध्याला भडक नारिंगी पट्टा बांधायला लागले. टर्कीला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण माणसाला लांबून कळतं की इथे कुणीतरी आहे.

तेव्हा उश्या ठेवू नका असं सांगणारा मी कोण? माझं कुणी ऐकणारही नाही. फक्त एक करा. उशीखाली एक चिठ्ठी ठेवत जा, खऱ्या पत्त्याची. कुठल्या टॉकीजला, कुणाच्या खोलीवर. मोबाईल आहे म्हणू नका, तो तर तुम्ही शोच्या आधी बंद करता. राउंडला आलेले सर नुसता टॉर्च मारून गेले तर चिठ्ठी कुणाला दिसणार नाही. पण पहाटे पाचला कुणी खरंच हलवून उठवायला आलं, तर त्याच्या हाताला उशीशिवाय आणखी काहीतरी लागू दे.